सर्व्हर स्लो आहे, म्हणजे नेमकं काय?

कॉनर मॅक्डोनल्ड हा ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, ऑरॅकल या डेटाबेसचा तज्ज्ञ. २००० च्या आसपास त्यानं एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि लोकांना फुकट वाटला. वापरायला अगदी सोपा. आपल्या डेटाबेसचा ‘हिट रेशो’ किती टक्के हवा तो आकडा द्यायचा, प्रोग्रॅम चालू करायचा आणि रेशो बरोबर तिथं येऊन टेकला की बंद करायचा. ९५ मागा, ९५ मिळेल. ९९ मागा, तेही मिळेल. डेटाबेसचा वेग मात्र तसूभरही वाढायचा नाही. उलट थोडा कमीच व्हायचा, कारण रेशो चढवण्यासाठी हा प्रोग्रॅम तीच ती माहिती मेमरीतून पुन्हा पुन्हा वाचत बसायचा.

थट्टाच ती, पण वर्मी लागणारी. हिट रेशो म्हणजे डेटाबेसला लागलेल्या माहितीपैकी किती माहिती डिस्कपर्यंत न जाता मेमरीतच सापडली त्याचं प्रमाण. डेटाबेस सांभाळणारी मंडळी, म्हणजे डीबीए, वर्षानुवर्षं या आकड्याकडे डोळे लावून बसत. नव्वदीच्या वर असला की निर्धास्त. खाली घसरला की मेमरी वाढवून मागणारा अर्ज साहेबांकडे. तिकडे काउंटरवरचा कारकून ‘सर्व्हर स्लो आहे’ म्हणून रांगेला थोपवत असला, तरी यांच्या कागदावर सगळं आलबेल.

२००३ साली केरी मिल्सॅप आणि जेफ होल्ट यांनी ‘ऑप्टिमायझिंग ऑरॅकल परफॉर्मन्स’ या पुस्तकात ही पद्धत उलटी फिरवली. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: सर्व्हरची सरासरी तब्येत बघत बसू नका. ज्या माणसाचं जे काम अडलंय, ते एक काम पकडा आणि त्याला लागलेल्या वेळेचा पै-पैचा हिशेब मांडा. तीस सेकंद लागले ना? मग त्यातले प्रोसेसरनं किती खाल्ले, डिस्कनं किती, दुसऱ्या कुणाच्या लॉकपाशी ताटकळण्यात किती गेले, नेटवर्कवर किती? अशी नोंद ठेवण्याची सोय ऑरॅकलमध्ये १९९२ च्या सातव्या आवृत्तीपासून होतीच. तिच्याकडे बघायची सवय तेवढी नव्हती.

हिशेब मांडतानाही फसगत होते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मंद क्वेरींची, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या वेळखाऊ मागण्यांची, नोंदवही असते. ती मुळात बंद असते आणि चालू केली तरी दहा सेकंदांहून जास्त वेळ घेणारी क्वेरीच तिच्यात चढते. दहा सेकंद ही भलतीच सैल मर्यादा झाली. एखादी क्वेरी ०.२ सेकंदांत उरकत असेल पण दिवसातून लाख वेळा चालत असेल, तर ती रोज साडेपाच तासांचं काम सर्व्हरच्या माथी मारते आणि नोंदवहीत मात्र तिचं नावही येत नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ या जोडसाधनाचा म्हणूनच जास्त उपयोग होतो. कोणती क्वेरी किती वेळा चालली आणि एकूण किती वेळ घेऊन गेली, याची बेरीज ते ठेवतं. ती यादी एकूण वेळेच्या उतरत्या क्रमानं लावली, की वरच्या चार-पाच ओळींतच बहुतेकदा खरे गुन्हेगार सापडतात.

आता तो वेळ जातो कुठे? हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

एडगर कॉड हा मूळचा इंग्रज, नोकरी आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत. त्यानं १९७० साली रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. त्याआधी माहिती काढायची तर ती कुठून कुठे जात शोधायची, हा सगळा रस्ता प्रोग्रॅमरला स्वतः लिहावा लागे. कॉडचं म्हणणं होतं, माणसानं काय हवं तेवढंच सांगावं. कसं शोधायचं ते यंत्रानं बघावं. म्हणायला हे सोपं होतं, पण बघणार कसं? आयबीएमच्याच पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली त्याचं उत्तर दिलं. एका क्वेरीसाठी जितके रस्ते शक्य आहेत त्यांच्या खर्चाचा अंदाज बांधायचा आणि सर्वांत स्वस्त वाटेल तो रस्ता, म्हणजे ‘प्लॅन’, निवडायचा. हे काम करणाऱ्या भागाला ऑप्टिमायझर म्हणतात. आजच्या बहुतेक सगळ्या रिलेशनल डेटाबेसांचे ऑप्टिमायझर याच घराण्यातले आहेत.

एक साधं उदाहरण घेऊ. एखाद्या पतसंस्थेच्या व्यवहारांच्या टेबलमध्ये दोन कोटी ओळी आहेत. एक ओळ सुमारे दोनशे बाइटची, म्हणजे सगळं टेबल चार जीबीचं. पोस्टग्रेस माहिती आठ-आठ केबीच्या पानांत ठेवतो, तेव्हा पानं झाली सुमारे पाच लाख. एका खातेदाराला त्याच्या चोवीस नोंदी हव्यात. खाते क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे शोधसूची, नसेल, तर त्या चोवीस नोंदींसाठी पाचही लाख पानं चाळावी लागतात.

इंडेक्स असला की चित्र पालटतं. बहुतेक डेटाबेसांत इंडेक्स ‘बी-ट्री’ या रचनेचा असतो. ती बोइंगच्या संशोधन विभागातल्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी शोधली आणि त्यांचा निबंध १९७२ मध्ये छापून आला. इंडेक्सच्या एका पानावर तीनशे नोंदी मावतात असं धरलं, तर तीन पायऱ्यांत ३०० गुणिले ३०० गुणिले ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख नोंदी बसतात. तीन पानं वाचून खातं सापडतं आणि त्या खातेदाराच्या नोंदी चोवीस वेगवेगळ्या पानांवर पसरलेल्या असल्या, तरी सगळी मिळून सत्तावीस पानं. पाच लाख कुठे आणि सत्तावीस कुठे! ‘एक इंडेक्स टाकला आणि रिपोर्ट चाळीस मिनिटांवरून दोन सेकंदांवर आला’ अशा कहाण्या आयटीवाले रंगवून सांगतात तेव्हा त्यात अतिशयोक्ती असतेच असं नाही.

पण इंडेक्स असून नसल्यासारखा, हा प्रकारही तितकाच नेहमीचा. मोबाइल नंबरचा रकाना अक्षरांचा म्हणून ठेवलेला असतो आणि क्वेरी लिहिणारा नंबराभोवती अवतरणचिन्हं न घालता तो आकडा म्हणून देतो. मायएसक्यूएल तक्रार न करता प्रत्येक ओळीतल्या अक्षरांचा आकडा करून तपासत सुटतो. इंडेक्स बाजूला पडलेला. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स आहे, पण अट लिहिलीय ‘तारखेतून वर्ष काढा आणि ते २०२४ आहे का बघा’. इथंही इंडेक्स कामाचा नाही, कारण तो तारखांवर बांधलाय, वर्षांवर नाही. त्याऐवजी ‘१ जानेवारी २०२४ पासून पुढे आणि १ जानेवारी २०२५ च्या आधी’ असं लिहिलं की तोच इंडेक्स धावतो. दोन रकान्यांवर मिळून इंडेक्स असेल तर क्रमालाही महत्त्व असतं. टेलिफोन डिरेक्टरीत आडनाव आधी आणि नाव नंतर असतं. तिच्यात ‘सगळे सुरेश काढा’ म्हटलं तर अख्खी डिरेक्टरी चाळण्यावाचून इलाज नसतो. ‘शाखा, मग तारीख’ असा इंडेक्स फक्त तारखेनं शोधणाऱ्याला असाच फारसा उपयोगी पडत नाही.

मग सरसकट सगळ्या रकान्यांवर इंडेक्स का टाकू नयेत? कारण प्रत्येक नवी नोंद झाली की टेबलसोबत ते सगळे इंडेक्सही लिहावे लागतात. दहा इंडेक्स असलेल्या टेबलमध्ये एक ओळ घालणं म्हणजे अकरा ठिकाणी लिहिणं. शिवाय टेबलचा मोठा हिस्साच हवा असेल तर इंडेक्सच्या वाटेनं इकडे-तिकडे उड्या मारण्यापेक्षा सगळं टेबल सरळ वाचून काढणं परवडतं. तेव्हा प्लॅनमध्ये ‘सीक्वेन्शियल स्कॅन’ दिसला की तो दोषच, असं मानणारे लोक निम्मंच शिकलेले असतात. या उड्यांची किंमत पोस्टग्रेस अजूनही सरळ वाचण्याच्या चौपट धरतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कच्या जमान्यात हा आकडा ठीक होता. एसएसडीवर तो जाचक ठरतो, म्हणून बरेच डीबीए तो खाली, १.१ च्या आसपास आणतात.

ऑप्टिमायझरनं कोणता रस्ता धरला हे बघायला ‘एक्स्प्लेन’ नावाची आज्ञा आहे. पोस्टग्रेसमध्ये तिला ‘ॲनलाइझ’ जोडलं की क्वेरी खरोखर चालवली जाते आणि प्रत्येक टप्प्यावर किती ओळींचा अंदाज होता व प्रत्यक्षात किती निघाल्या, हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले जातात. (खरोखर चालवली जाते हे विसरून कुणी ती डिलीटच्या क्वेरीला लावली, तर ओळी खरोखरच पुसल्या जातात.) अनुभवी माणूस आधी हे दोन आकडे ताडून बघतो. अंदाज बाराचा आणि निघाल्या ३ लाख ८० हजार, असं दिसलं की दुखणं तिथंच आहे. बारा ओळी येतील असं समजून ऑप्टिमायझरनं ‘प्रत्येक ओळीमागे दुसऱ्या टेबलात एक चक्कर’ असा बेत आखलेला असतो, आणि मग त्या चकरा होतात पावणेचार लाखांच्या वर.

अंदाज चुकतो कसा? पोस्टग्रेस सगळं टेबल मोजत बसत नाही. मुळातल्या सेटिंगप्रमाणे तीस हजार ओळींचा नमुना उचलून त्यावरून आकडेवारी बांधतो, आणि टेबलातल्या सुमारे दहा टक्के ओळी बदलल्या की ती नव्यानं बांधतो. दोन कोटींच्या टेबलात वीस लाख बदल होईपर्यंत जुन्याच आकडेवारीवर कारभार चालू राहतो. दुसरी अडचण जास्त खोल आहे. ‘शहर पुणे’ आणि ‘पिन कोड ४११०३८’ अशा दोन अटी आल्या, की ऑप्टिमायझर त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही असं गृहीत धरतो. दहापैकी एक ग्राहक पुण्याचा, दोनशेंपैकी एक त्या पिन कोडचा, म्हणून दोन्ही मिळून दोन हजारांत एक. कोथरूडचा पिन कोड असलेला प्रत्येक जण पुण्याचाच असणार, हे त्याला कोण सांगणार? अंदाज तिथल्या तिथं दहापट कमी भरतो. पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, दोन रकान्यांचं असं नातं त्याला सांगण्याची सोय झाली आहे. पण सांगावं लागतं. आपोआप होत नाही.

ही चूक किती फुगू शकते याचा अंदाज म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिला. आयएमडीबीच्या सिनेमांच्या खऱ्याखुऱ्या माहितीवर त्यांनी ११३ क्वेरी चालवून पाच डेटाबेसांचे अंदाज तपासले. एका क्वेरीत जोडलेली टेबलं जितकी जास्त, तितका अंदाज ढळत जातो. हजारपट चूक ही त्यांना विरळा गोष्ट वाटली नाही. त्याच्या दहा वर्षं आधी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जयंत हरितसा आणि नवीन रेड्डी यांनी ऑप्टिमायझरच्या निवडीचे नकाशेच काढले होते. क्वेरीतली दोन मूल्यं बदलत जायची आणि प्रत्येक ठिकाणी कोणता प्लॅन निवडला गेला ते वेगवेगळ्या रंगांत भरायचं. नकाशे इतके तुकड्या-तुकड्यांचे आणि चित्रविचित्र निघाले की त्यांच्या साधनाचं नाव ‘पिकासो’ पडलं.

प्लॅन मूल्यागणिक बदलायला हवा असताना तो बदलत नाही, हा आणखी एक छळ. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस पहिल्यांदा आलेलं मूल्य बघून प्लॅन बनवतो आणि पुढच्यांसाठी तोच जपून ठेवतो. सकाळी पहिला रिपोर्ट गडचिरोलीच्या छोट्या शाखेनं काढला, की तिच्या शेपन्नास नोंदींना साजेसा प्लॅन ठरतो. मग मुंबईच्या शाखेच्या लाखो नोंदींनाही त्याच गल्लीतून जावं लागतं. दुपारी सर्व्हर रीस्टार्ट केला, पहिला नंबर मुंबईचा लागला, की सगळं सुरळीत. ‘रीस्टार्ट केलं की बरं होतं’ या गावठी इलाजाला कधी कधी गुण येतो तो असा. पण दुखणं कळलेलं नसतं, त्यामुळे ते परत येतं.

कधी कधी मात्र डेटाबेसचा काहीच दोष नसतो. आधी एका क्वेरीनं पाचशे कर्जदारांची यादी आणायची, मग प्रत्येक कर्जदारामागे एकेक क्वेरी पाठवून त्याचा शेवटचा हप्ता विचारायचा, असे प्रोग्रॅम सर्रास लिहिले जातात. पुष्कळदा प्रोग्रॅमरनं ते लिहिलेलेही नसतात; त्याच्या हाताखालची तयार लायब्ररी परस्पर तसं करते. एकेक क्वेरी चटकन होते, त्यामुळे डेटाबेसवाला म्हणतो, माझ्याकडे सगळं ठीक. पण सर्व्हर दूर असेल आणि जाऊन येण्याला वीस मिलिसेकंद लागत असतील, तर ५०१ फेऱ्यांचे दहा सेकंद वाटेतच गेले. या रोगावर पवईत मूलभूत काम झालं आहे. आयआयटी मुंबईचे रवींद्र गुरवन्नवर आणि एस. सुदर्शन यांनी २००८ साली अशा लूपमधल्या सुट्या क्वेरी आपोआप एकगठ्ठा करून घेण्याची पद्धत मांडली. तिथंच पीएचडी केलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. डेटाबेसमध्ये लिहिलेली छोटी फंक्शन्स ओळीमागे एकदा चालवण्याऐवजी मूळ क्वेरीतच विरघळवून टाकायची, हे त्यांच्या गटाचं तंत्र २०१९ च्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये आलं.

सगळ्यांत फसवं मंदपण लॉकचं. प्रोसेसर निवांत, डिस्क शांत, आणि तरी शंभर जण खोळंबलेले. कुणीतरी एक नोंद बदलायला घेतलेली असते आणि व्यवहार पक्का न करताच तो खिडकी उघडी टाकून जेवायला गेलेला असतो; त्याच्यामागे एकामागून एक रांग लागते. पोस्टग्रेसच्या यादीत अशा सेशनपुढे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ लिहिलेलं असतं. अशा वेळी रॅम दुप्पट केली तरी रांग तेवढीच राहते. गंमत म्हणजे उपायही लॉक लावतो. साध्या आज्ञेनं नवा इंडेक्स बांधायला घेतला की तो पुरा होईपर्यंत त्या टेबलात लिहिणं बंद. भर दुपारी मोठ्या टेबलावर हा प्रयोग करून शाखांचं कामकाज थांबवणारे महाभाग असतात. ते टाळायला ‘कन्करंटली’ हा वेगळा प्रकार आहे. वेळ जास्त घेतो, पण कुणाला अडवत नाही.

पोस्टग्रेसला एक घरगुती दुखणंही आहे. तिथं ओळ बदलली की जुनी ओळ लगेच पुसली जात नाही, नवी शेजारी लिहिली जाते. जुन्या ओळींची झाडलोट ‘व्हॅक्यूम’ मागाहून करतो. ती तुंबली की टेबल फुगतं आणि वेग मंदावतो. लोक वैतागून ही झाडलोटच बंद करतात, आणि तिथं गाडी खरी घसरते. व्यवहारांना दिलेले क्रमांक ३२ बिटांचे असतात आणि जुन्या क्रमांकांचा निकाल वेळेवर लागला नाही, तर सुमारे दोनशे कोटींच्या टप्प्यावर डेटाबेस स्वतःच्या सुरक्षेसाठी नवं लिहिणं नाकारतो. २०१५ मध्ये सेंट्री या सेवेवर ही पाळी आली होती. २०१९ च्या फेब्रुवारीत झाडलोट मागे पडल्यानं मेलचिंपची मँड्रिल ही ईमेल सेवाही चाळीसएक तास विस्कळीत झाली.

मंद डेटाबेसशी घाईत झटापट करणं किती महागात पडतं, हे ३१ जानेवारी २०१७ ला लोकांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेवर सगळ्या जगानं पाहिलं. स्पॅम आणि पाठीमागे चाललेलं एक खातं पुसण्याचं काम यांमुळे त्यांच्या पोस्टग्रेसवरचा लोड चढला. त्या लोडपायी मुख्य सर्व्हरची चालती नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर इतका मागे पडला की ती नक्कल नव्यानं भरणं भाग पडलं. भरण्याची आज्ञा दिली की ती काही न बोलता थांबून राहायची. रात्री उशिरा तिथल्या इंजिनिअरला वाटलं, जुनी फोल्डर आडवी येत असेल. ती त्यानं पुसायला घेतली, पण पुसत होता दुसऱ्या सर्व्हरवर नव्हे, मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, आज्ञा थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा बॅकअप घेणारं साधन पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचं होतं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते गपचूप अपयशी होत राहिलं होतं. अपयशाच्या ईमेल जात होत्या, पण सही नसल्यामुळे त्या परत फिरवल्या जात होत्या. त्याच इंजिनिअरनं सहा तास आधी चाचणीसाठी हातानं घेतलेली एक प्रत तेवढी कामी आली. चाचणीच्या त्या सर्व्हरच्या डिस्क धीम्या असल्यानं माहिती परत आणायलाच सुमारे अठरा तास गेले. हा सगळा खटाटोप कंपनीनं यूट्यूबवर थेट दाखवला. लोकांचा कोड वेगळीकडे असल्यानं वाचला. मधल्या तासांतले सुमारे पाच हजार प्रकल्प, तितक्याच प्रतिक्रिया आणि सातशे नवी खाती यांवर मात्र पाणी सोडावं लागलं. नंतर जाहीर केलेल्या सुधारणांच्या यादीत बॅकअप तपासण्यापासून बऱ्याच गोष्टी होत्या. एक नोंद अशीही होती: कोणता सर्व्हर मुख्य आणि कोणता चाचणीचा हे टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्येच वेगळं दिसेल अशी सोय करायची.